सभासद नंबर एकशे सदतीस

१

गुरुवारी संध्याकाळी प्रिंटर करकर करत थांबला. मी कागद फाडून घेतला, सगळ्यात वरचं नाव वाचलं आणि चष्मा पुसून परत वाचलं.

उमाताई. दोनशे बारा पुस्तकं.

उमाताईंशी माझं काही वाकडं नाही. एमआयडीसीतल्या एका साहेबांची बायको, दुपारी दोनला येणार, दोन कादंबऱ्या नेणार, पानं न दुमडता परत आणणार. असे सभासद सगळ्या ग्रंथपालांना मिळोत. पण त्या पहिल्या कशा? अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या वाचनालयात कोणालाही विचारा, सगळ्यात जास्त पुस्तकं भिमाबाई नेतात. बुवापाड्याहून चालत येतात. कारखान्यात पॅकिंगला होत्या, चाळिशी उलटल्यावर अक्षरं शिकल्या, आणि आता साठीत अशा वाचत सुटल्यात की नवी पुस्तकं मागवता मागवता माझी दमछाक होते. म्हणून मी दुसरं नाव बघितलं. मग तिसरं. मग बोट ठेवून शेवटपर्यंत गेले, वर्षात एकच पुस्तक नेणाऱ्या महाभागापर्यंत.

भिमाबाई कुठेच नव्हत्या.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट ही. रविवारी वर्धापनदिन होता आणि त्यात 'वर्षाचा वाचक' म्हणून शाल, श्रीफळ आणि चांदीच्या मुलाम्याची ढाल द्यायची होती. आदल्या वर्षी या ढालीवरून कार्यकारिणीत एवढी भांडणं झाली की सगळ्यांनी मिळून ठराव केला: यंदापासून कॉम्प्युटर छापेल ते नाव, माणसांनी मध्ये पडायचं नाही. ठराव मीच लिहिला होता आणि त्याचा मला बराच अभिमान होता.

मी मशीनवर सभासदांची यादी उघडली. एकशे छत्तीस नंबर होता. त्याच्या खाली एकशे अडतीस. भिमाबाईंचा एकशे सदतीस नंबर मधल्यामध्ये गुल.

पहिला संशय अर्थातच मशीनवर. उल्हासनगरला कॅम्प तीनमधून घेतलेला, सुटे भाग जोडून बनवलेला कॉम्प्युटर तो. मी दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "साईं, मशीन अपने आप कुछ नहीं मिटाता. किसी ने मिटाया होगा, तभी मिटा." मला राग आला, पण तो म्हणत होता ते मला मनातून पटतही होतं. दोनच दिवसांपूर्वी, मंगळवारी दुपारी, मी स्वतः जामिनांची यादी साफ केली होती, तेव्हा मशीन शहाण्यासारखं चाललं होतं.

आमच्याकडे नवा सभासद व्हायचं तर जुन्या सभासदाने जामीन राहावं लागतं. पुस्तक हरवलं तर ते शोधून आणायची जबाबदारी जामिनाची. आणि जामीन अंबरनाथमध्येच राहणारा हवा. भिमाबाई येत्या सोमवारी सकाळी लेकीकडे बदलापूरला कायमच्या राहायला जाणार होत्या, म्हणून मंगळवारी त्या येऊन म्हणाल्या होत्या, "बाई, नियम तो नियम. जामिनातून माझं नाव काढा. सभासद मात्र राहू द्या हां, मी बदलापुरातनं येऊन पुस्तकं नेईन." एवढी सरळ बाई. तिचं नाव बक्षिसाच्या यादीतून कोणी उडवलं असेल, या विचाराने माझं डोकं फिरलं.

तेवढ्यात दारात जनाबाई उभ्या राहिल्या. भिमाबाईंच्या शेजारीण, आमच्याच सभासद. माझ्या हातातला कागद त्यांनी घेतला, हळूहळू वाचला आणि परत दिला.

"आमच्या भिमाक्काचंच नाव बरं गेलं," त्या म्हणाल्या. "रविवारी अख्खा पाडा येणार होता, बाई. त्यांना मी काय सांगू?"

२

जनाबाई गेल्यावर मी तशीच बसून राहिले. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कोणावर आरोप केला नव्हता, पण साहेबांच्या बायकोचं नाव वर आणि पाड्यातल्या बाईचं गायब, हे बघून त्यांच्या मनात काय आलं ते मला कळलं होतं, आणि त्यांच्या जागी मी असते तर माझ्याही मनात तेच आलं असतं.

"यादीत गडबड दिसतेय," मागून आवाज आला.

हे विष्णुपंत. केमिकल कंपनीत क्वालिटी कंट्रोलला तीस वर्षं काढून रिटायर झालेले. वाचायचे फक्त रहस्यकथा, आणि वाचायचे म्हणजे काय, विसाव्या पानावर खुनी ओळखून त्याच पानाच्या समासात पेन्सिलने त्याचं नाव लिहून ठेवायचे. पुढच्या वाचकाने काय करायचं? तक्रारी आल्या, मी दोनदा समज दिली, आणि दिवाळीत सरळ त्यांचं कार्ड जप्त केलं. तेव्हापासून ते रोज मोफत वाचनकक्षात पेपर उघडून बसत आणि पेपराच्या वरून माझ्याकडे बघत.

"तुमचं काय काम?" मी म्हटलं.

"माझं काही नाही. पण रविवारपर्यंत तुम्हाला हे करणारा माणूस हवाय. माणूस सापडला तर माझं कार्ड परत द्यायचं."

"कार्ड कार्यकारिणी देते. नवा जामीन आणा, मग बघू. तुमचे जुने जामीन पुण्याला गेले."

"तुमच्या या गावात मला जामीन राहणारा कोण मिळणार?" ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. यादी त्यांनी बराच वेळ बघितली. मग तळहाताएवढा छोटा कागद मागितला, माझ्याकडे पाठ करून त्यावर पेन्सिलने काहीतरी लिहिलं, चार घड्या घातल्या आणि माझ्या टेबलावरच्या जाडजूड शब्दकोशात सरकवला.

"हे काय?"

"नाव. रविवारी उघडा."

"तुम्हाला आत्ता माहीत आहे?"

"कोणी केलं ते माहीत आहे. कसं केलं ते अजिबात कळत नाहीये. आणि कसं ते कळल्याशिवाय नावाला काही अर्थ नाही. यादी मी घरी नेऊ का? बेरीज करायची आहे."

मला तो कागद उघडावासा वाटला. हात शब्दकोशापर्यंत गेलाही. पण या माणसासमोर हार मानायची म्हणजे अतीच झालं, म्हणून मी शब्दकोश कपाटात ठेवून कुलूप लावलं.

३

शुक्रवारी दोनच्या ठोक्याला उमाताई आल्या. मी मनाशी त्यांना कधीच गुन्हेगार ठरवून टाकलं होतं. ढाल मिळणार कोणाला? त्यांना. पण विष्णुपंतांनी मला चहा मागवायला सांगितलं आणि प्रश्न स्वतः विचारले.

"उमाताई, आपण पहिल्या आहोत हे तुम्हाला कधी कळलं?"

उमाताई लाजल्या. "बुधवारी. संध्याकाळी फिरताना मी इथे डोकावते. मधू काउंटरवर होता, मी सहज म्हटलं, माझा नंबर किती आला बघ. तर पहिला. सोमवारी तोच मला म्हणाला होता की भिमाबाई वर आहेत, तुम्ही खाली."

"मग बोलला नाहीत?"

"बोलणार होते." त्यांनी पदराशी चाळा केला. "खरं सांगू? एक रात्र मी ढाल दिवाणखान्यात कुठे ठेवायची ते ठरवलं. सकाळी उठले तर माझीच मला शरम वाटली. मला त्यांच्यापेक्षा जास्त वाचून पहिलं यायचंय हो. त्या नाहीतच म्हणून नाही."

मी खोटं कशाला सांगू, मला त्या बाईबद्दल पहिल्यांदाच माया वाटली. तरी संशय सोडवेना. कॉम्प्युटरच्या खोलीत त्या कधी गेल्या का, असं मी खोचून विचारलंच. त्या म्हणाल्या, "अगं, मला घरचा मिक्सर लावता येत नाही."

मधू सहाला आला. सकाळी एमआयडीसीत फिटर, संध्याकाळी आमच्या काउंटरवर. पंचेचाळिशीचा माणूस, पण मी समोर असले की शाळेतल्यासारखा उभा राहतो. विष्णुपंतांनी त्याला बसवलं.

"मधू, सोमवारी मशीनवर भिमाबाई होत्या. त्यांची पुस्तकं किती होती?"

"आकडा नाही आठवत, साहेब. वर होत्या एवढं पाहिलं."

"आणि मंगळवारी?"

मधूने माझ्याकडे बघितलं. मग जमिनीकडे. मग ड्रॉवर उघडून एक चिठ्ठी काढली. "मंगळवारी संध्याकाळी भिमाबाई पुस्तक परत द्यायला आल्या. मी एकशे सदतीस टाकलं, तर मशीन बोललं असा सभासदच नाही. तीनदा टाकलं. मग चिठ्ठीवर लिहून ठेवलं."

"तीन दिवस?" माझा आवाज चढला. "तीन दिवस झाले मधू, आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"मॅडम, तुम्ही ओरडता म्हणून नाही सांगितलं," मधू म्हणाला.

विष्णुपंत चहाच्या कपात बघून हसले. मी आवाज खाली आणला, कारण त्या क्षणी मी ओरडतच होते.

"म्हणजे सोमवार संध्याकाळ ते मंगळवार संध्याकाळ," विष्णुपंत म्हणाले. "मंगळवारी दिवसभर मशीनच्या खोलीची किल्ली कोणाकडे होती?"

"माझ्याकडे," मी म्हटलं. "आणि मी असताना तिथे कोणी फिरकलं नाही. म्हणजे किल्लीची दुसरी प्रत कोणीतरी करून घेतली आहे."

विष्णुपंतांनी मान डोलावली आणि खिशातून कालची यादी काढली. तिच्या कडेने पेन्सिलचे आकडे भरले होते.

"नीलिमाबाई, तुमच्या यादीत खाली एक आकडा छापला आहे. वर्षभरात एकूण दिलेली पुस्तकं, नऊ हजार चारशे साठ. मी रात्री सगळ्यांच्या नावापुढची पुस्तकं मिळवली. नऊ हजार दोनशे एकोणतीस होतात. तीनदा मिळवली."

"मग?"

"दोनशे एकतीस पुस्तकं या वाचनालयातून कोणीतरी घरी नेली, वाचली आणि परत आणली. पण ती नेणारा माणूस कोणीच नाही."

४

शनिवारी दुपारी गुरुदत्त आला. एमआयडीसीत इंजिनिअर, तिशीच्या आतला. आमचा सगळा डेटाबेस त्याने फुकटात बनवला होता, चार शनिवार बसून, माझ्या हातचं थालीपीठ खाऊन. माझ्या हिशेबी आता तोच उरला होता. किल्लीची गरजच काय, मशीनची नस त्याला ठाऊक.

त्याला दाराशीच गाठून मी म्हटलं, "गुरुदत्त, खरं सांग. भिमाबाईंना तू काढलंस?"

"मॅडम, मी गेल्या शनिवारनंतर आज येतोय. सोमवारी तर त्या होत्या ना?"

तेही खरं होतं. मला संशयित पुरेनासे झाले. विष्णुपंतांनी त्याला मशीनसमोर बसवलं आणि म्हणाले, "मला याच्यातलं काही कळत नाही. मला कंपनीतल्या नव्या कामगाराला समजावतात तसं समजावून सांग. इथे याद्या किती?"

गुरुदत्तने पडद्यावर एक चित्र उघडलं. चौकोनी डबे आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. "हे टेबल सभासदांचं. नंबर, नाव, पत्ता. हे टेबल पुस्तकं दिल्याच्या नोंदींचं. त्यात नाव नसतं, फक्त सभासदाचा नंबर असतो. या रेघेवरून नंबर जाऊन नाव घेऊन येतो."

"आणि हा तिसरा डबा? जामीन?"

"तो म्हणजे..." गुरुदत्तने माझ्याकडे चोरून बघितलं. "तो मॅडमनी मागितला होता म्हणून."

आता हे मला सांगायलाच हवं. कॉम्प्युटर यायच्या आधी पंधरा वर्षं मी दोन वह्या ठेवल्या. तांबडी वही सभासदांची, हिरवी वही जामिनांची. कोणी जामिनातून निघालं की हिरव्या वहीत नावावर रेघ मारायची. तांबड्या वहीला धक्काही लागायचा नाही. डेटाबेस करताना मी गुरुदत्तला बजावलं होतं, माझ्या दोन वह्या म्हणजे दोन याद्या हव्यात, दोन वेगळी बटणं हवीत. तो त्या वेळी काहीतरी सांगायला लागला होता. मी म्हटलं होतं, "कसं ते सांगू नकोस, कुठलं बटण ते सांग."

"त्या दिवशी तू मला काय सांगणार होतास?" मी विचारलं. माझा आवाज का कोण जाणे, जरा खाली आला होता.

पण विष्णुपंतांनी हात वर केला. "थांब, सांगू नकोस. त्यांनाच बघू दे. नीलिमाबाई, मी मधूचा जामीन आहे. म्हणजे माझं नाव सभासदांत पण आहे आणि जामिनांत पण आहे. बरोबर? सभासदांची यादी उघडा. माझ्या नावापुढे तुम्हाला वाटेल ते लिहा."

एवढी मोकळीक मला आयुष्यात मिळाली नव्हती. मी 'विष्णुपंत'च्या पुढे 'लबाड' असं लिहिलं, ठासून एंटर मारलं आणि यादी बंद केली.

"आता जामिनांची यादी उघडा. तिला तुम्ही हात लावलेला नाही."

मी दुसरं बटण दाबलं. यादी उघडली. खाली, मधूच्या जामिनाच्या जागी, विष्णुपंत लबाड.

मी ते वाचलं. मग मंगळवारची दुपार आठवली. मी याच बटणाने ही यादी उघडली होती, भिमाबाईंच्या ओळीवर गेले होते, डिलीट दाबलं होतं. मशीनने विचारलं होतं, नक्की? मी म्हटलं होतं, नक्की.

५

"म्हणजे मी," मी म्हटलं.

गुरुदत्त कीबोर्डवरची धूळ पुसू लागला.

"जामिनांचं वेगळं टेबल नाहीच आहे, मॅडम," शेवटी तो हळूच म्हणाला. "माणूस एकच असतो ना, मग दोनदा कशाला लिहायचा? सभासदांचंच टेबल मी चित्रात दुसऱ्यांदा आणून ठेवलं आणि त्याला जामीन असं नाव दिलं. त्याला व्हर्च्युअल टेबल म्हणतात. दिसतं वेगळं, रेघा वेगळ्या जातात, पण आत माल एकच. त्याशिवाय सभासदाला सभासदाशी जोडता येत नाही."

"तुम्ही घरी सूनबाई आणि इथे ग्रंथपालबाई," विष्णुपंत म्हणाले. "घरच्यांनी सूनबाईंना बदलापूरच्या गाडीत बसवून दिलं, तर इथे काउंटरवर ग्रंथपालबाई राहतील का?"

मला हसू आलं नाही. मी गेले दोन दिवस उमाताईंना, मधूला, गुरुदत्तला, उल्हासनगरच्या त्या बिचाऱ्या दुकानदाराला मनातल्या मनात फासावर चढवत होते. आणि जनाबाईंना त्या दारात उभं राहून जे वाटलं, ते माझ्या बोटाने केलं होतं. मी खुर्चीवर बसले आणि मला रडू आलं. मी क्वचित रडते, त्यामुळे मधू घाबरून पाणी आणायला धावला.

"भिमाबाईंचं वर्ष पुसलं मी," मी म्हटलं. "आता आकडा कुठून आणायचा? ढाल तर गेलीच."

"पुसलं?" विष्णुपंतांनी आपली पेन्सिलीच्या आकड्यांची यादी माझ्यासमोर ठेवली. "तुम्ही माणूस पुसलात. पुस्तकं नाही पुसली. दोनशे एकतीस पुस्तकं आत आहेत म्हणून तर बेरीज जुळत नव्हती. ती आपल्या माणसाला शोधतायत. गुरुदत्त, बरोबर आहे का? त्या नोंदींत नंबर आहे ना?"

गुरुदत्तने डोक्यावर हात मारला. "आहे की. सभासद काढला तर नोंदीही काढ, असं मी मशीनला सांगितलेलंच नाही. सांगायचं राहून गेलं होतं, मॅडम, सॉरी."

"आयुष्यभर असाच विसरत राहा," विष्णुपंत म्हणाले.

भिमाबाईंचं जुनं कार्ड माझ्या तांबड्या वहीत होतं. मी ते समोर ठेवलं. सभासदांच्या यादीत नवी ओळ उघडली. एकेक अक्षर तपासून टाकलं. नंबर एकशे सदतीस. नाव भिमाबाई. पत्ता बुवापाडा. एंटर मारायच्या आधी मी तिघांकडे बघितलं. मधूने हात जोडले होते.

मी एंटर मारलं आणि यादी छापायला सोडली. प्रिंटर करकरायला लागला. पहिली ओळ अर्धी बाहेर आल्यावरच मधूने वाकून वाचली आणि मोठ्याने सांगितलं, "भिमाबाई, दोनशे एकतीस."

मी कागद फाडला नाही. सगळा बाहेर येईपर्यंत तशीच उभी राहिले. आणि मग जामिनांची यादी उघडली. भिमाबाई ज्यांच्या जामीन होत्या, त्या अकरा बायकांच्या नावापुढची मंगळवारपासून रिकामी असलेली जागा पुन्हा भरली होती. अकरा वेळा भिमाबाई.

६

रविवारी अख्खा पाडा आला. हॉलमध्ये जागा उरली नाही, माणसं जिन्यात बसली. ढाल द्यायच्या आधी मी माईक घेतला. अध्यक्षांच्या कार्यक्रमपत्रिकेत ते नव्हतं.

"यादीतून भिमाबाईंचं नाव चार दिवस गेलं होतं," मी म्हटलं. "ते मी घालवलं. चुकून घालवलं, पण मीच घालवलं, आणि मधल्या काळात सगळ्या जगावर संशय घेतला. भिमाबाई, मी तुमची माफी मागते. जनाबाई, तुमची पण."

भिमाबाई पुढच्या रांगेत होत्या. निळी साडी, डोक्यावर पदर. त्या सावकाश उठल्या, स्टेजवर आल्या आणि त्यांनी माझ्या हातातला माईक काढून घेतला.

"जयभीम," त्या म्हणाल्या. "या बाईंनी मला दहा वर्षांत कमीत कमी शंभर वेळा झापलंय. पुस्तक उशिरा का, पानावर तेलाचा डाग कसला. पण मी मागितलेलं पुस्तक नाही असं एकदाही म्हणाल्या नाहीत. नसलं तर ठाण्याहून आणून दिलं. आता मशीनवर माझं नाव यांनी पुसलं असेल तर पुसू दे, परत पण यांनीच लिहिलं ना? चला, माफ केलं. पण तेलाचा तो डाग माझा नव्हता, हे पण आज लिहून घ्या."

हॉल हसून हसून कोसळला. जनाबाई सगळ्यात जोरात हसत होत्या. उमाताईंनी स्वतः पुढे येऊन भिमाबाईंच्या अंगावर शाल घातली आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी सोडणार नाही हं तुम्हाला." भिमाबाई म्हणाल्या, "बदलापुरात काय कामं आहेत मला? बघू कोण सोडतं ते."

एक प्रश्न उरला होता. भिमाबाई जामिनातून निघाल्या की अकरा बायका बिनजामिनाच्या होणार. मी तो तिथेच मांडला. माझं वाक्य संपायच्या आत उमाताईंचा हात वर होता. त्यांच्यामागे मधूचा, आणि मग एवढे हात की मला मोजता येईनात. अकरा बायकांना तेवीस जामीन मिळाले. गुरुदत्तने त्याच संध्याकाळी सभासदांच्या टेबलात एक छोटा रकाना वाढवला, 'जामीन राहतात: हो किंवा नाही'. आता कोणाला जामिनातून काढायचं तर 'हो'चं 'नाही' करायचं. डिलीटचं बटण त्याने त्या यादीवरून काढूनच टाकलं, आणि या वेळी तो समजावत होता तेव्हा मी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

सगळे गेल्यावर मी कपाट उघडलं, शब्दकोश काढला आणि कागदाच्या चार घड्या सोडवल्या. विष्णुपंत वाचनकक्षात पेपर उघडून बसले होते. आत पेन्सिलने लिहिलं होतं: 'नीलिमाबाई. पण मुद्दाम नाही.'

"तुम्हाला गुरुवारीच कसं कळलं?" मी विचारलं.

"मंगळवारी मी याच खुर्चीत होतो. भिमाबाई तुमच्याशी बोलल्या आणि तुम्ही मशीनकडे गेलात. संध्याकाळी मधू तीनदा नंबर टाकत होता. मध्ये दुसरं कोणीच नव्हतं."

"मग लगेच का नाही सांगितलंत?"

"नुसतं नाव सांगितलं असतं तर तुम्ही मला इथूनही हाकललं असतं." त्यांनी पेपराची घडी घातली. "आणि नाव आधी कळलं असतं, तरी बाकीचं तुम्ही ऐकलंच असतंत की नाही? तेच मी दिवाळीपासून सांगतोय. नाव कळल्याने गोष्ट बिघडत नाही."

"बिघडते," मी म्हटलं. "खोडरबर घेऊन या, सगळी विसावी पानं स्वच्छ करा, मग कार्ड मिळेल."

"जामीन?"

मी खुर्ची ओढली. मशीन लावलं, सभासदांच्या यादीत त्यांची ओळ शोधली, नावापुढचा 'लबाड' पुसला, थोडा विचार करून परत लिहिला, आणि जामिनाच्या जागी माझा स्वतःचा नंबर टाकला.

एवढ्या वर्षांत मी कोणालाच जामीन राहिले नव्हते. जामिनांची यादी उघडून बघितली, तर भिमाबाईंच्या बरोबर खालच्या ओळीत माझं नाव आलं होतं. भिमाबाईंच्या 'हो'चं 'नाही' करायचं होतं. पण त्या सकाळच्या गाडीपर्यंत अंबरनाथमध्येच होत्या, म्हणून ते काम मी सोमवारवर ठेवलं आणि मशीन बंद केलं.